दोन मुळे आणि त्यांचा मध्य

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी दहावीत असून तिला वर्गसमीकरण, म्हणजे अज्ञात संख्येचा वर्ग असलेले समीकरण, सोडवण्याच्या तीन रीती एकापाठोपाठ एक शिकवल्या गेल्या: अवयव पाडून, पूर्ण वर्ग करून आणि सूत्राने. अवयव पाडताना तिला नेमक्या संख्या सुचत नाहीत, पूर्ण वर्गाची रीत तिला हातचलाखी वाटते, आणि सूत्र तोंडपाठ आहे, पण ते आले कुठून हे ठाऊक नाही. सूत्राने सगळीच उदाहरणे सुटत असतील तर बाकीच्या दोन रीती सोडून दिल्या तर चालेल का, आणि शेवटी दोन उत्तरांपैकी एक खोडायचेच असेल तर ते मुळात येते तरी कशाला, असे ताईंचे विचारणे आहे. ग्वाल्हेरमध्ये नववी-दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवण्यात माझी तीस वर्षांहून अधिक वर्षे गेली आणि हे दोन्ही प्रश्न मी दरवर्षी ऐकले आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी शब्दांचा एक लहानसा गुंता सोडवू. आपल्या इथल्या मराठी घरांतील मुले शाळेत हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात, आणि घरी आई किंवा आजोबा समजावायला बसले की त्यांच्या तोंडी मराठी शब्द येतात. मराठीतील वर्गसमीकरण म्हणजेच हिंदी पुस्तकातील द्विघात समीकरण. आपला विवेचक म्हणजे तिकडचा विविक्तकर, आपले अवयव म्हणजे गुणनखंड, आणि आपण ज्याला अन्वस्त म्हणतो तो तिकडचा परवलय. वस्तू एकच आहे हे मुलीला एकदा स्पष्ट सांगावे, नाहीतर आई काही वेगळेच गणित शिकवते आहे असा तिचा समज होतो. पुस्तकात अज्ञात संख्येसाठी इंग्रजी अक्षर असेल. मी माझ्या सवयीप्रमाणे ‘क्ष’ लिहितो आणि सहगुणकांसाठी अ, ब, क ही अक्षरे घेतो.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते वर्गसमीकरण सोडवण्याच्या रीती तीन नाहीत, एकच आहे: दोन उत्तरांचा मध्य शोधायचा आणि त्या मध्यापासून ती उत्तरे किती अंतरावर आहेत ते काढायचे. पूर्ण वर्ग करणे म्हणजे हेच, सूत्र म्हणजे याच कृतीचा लिहून ठेवलेला निकाल, आणि अवयव पाडणे म्हणजे संख्या सोयीच्या असल्या की ही कृती न करता उत्तर ओळखणे. शाळेत क्रम नेमका उलटा लागतो. ओळखण्याचा खेळ आधी येतो, कृती नंतर येते, आणि कृती समजण्यापूर्वीच निकाल पाठ करून घेतला जातो.

उदाहरणासाठी फार लांब जायला नको. आपल्या किल्ल्यावर चढून जाणाऱ्या वाटेवर, एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६च्या शिलालेखात देवासाठी दिलेल्या फुलबागेची मापे आहेत: एक बाजू २७० हात आणि दुसरी १८७ हात. त्या बागेतील फुलांतून रोज ५० माळा देवाला वाहाव्यात अशीही नोंद आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील शून्यामुळे हा शिलालेख जगभरच्या गणिताच्या इतिहासात नावाजला गेला. मी वर्गातल्या मुलांना मात्र शून्याआधी बागेचे गणित घालत असे. समजा मापे पुसली गेली आणि एवढेच उरले की लांबी व रुंदी यांची बेरीज ४५७ हात आहे आणि क्षेत्रफळ ५०,४९० चौरस हात आहे. तर बाजू किती?

एक बाजू क्ष धरली तर दुसरी ४५७ − क्ष, आणि त्यांच्या गुणाकारावरून क्ष² − ४५७क्ष + ५०४९० = ० हे समीकरण मिळते. अवयव पाडण्याच्या रीतीने जाणारी मुलगी इथे ५०,४९०चे असे दोन अवयव शोधू लागेल की ज्यांची बेरीज ४५७ येईल, आणि अर्धा तास कागद काळा करून रडकुंडीला येईल. यात तिची काही चूक नाही. तिला चाचपडायला सांगितले आहे आणि ती चाचपडते आहे.

त्याऐवजी असा विचार करावा. दोन्ही बाजूंची बेरीज ४५७ आहे, म्हणजे त्यांचा मध्य २२८.५ आहे. बाजू समान असत्या तर दोन्ही २२८.५ झाल्या असत्या. त्या समान नाहीत, म्हणून एक मध्यापेक्षा जितकी मोठी, तितकीच दुसरी लहान. हा फरक ‘द’ मानला तर बाजू २२८.५ + द आणि २२८.५ − द अशा होतात. बेरीज आता आपोआप बरोबर आहे, तिची काळजी उरली नाही. राहिला गुणाकार. बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार म्हणजे वर्गांची वजाबाकी, हे तिने आठवी-नववीत शिकलेले असते, म्हणून ५२२१२.२५ − द² = ५०४९०. यावरून द² = १७२२.२५ आणि द = ४१.५. बाजू झाल्या २७० आणि १८७. यात कुठेही अंदाज बांधावा लागला नाही, काही सुचण्याची वाट पाहावी लागली नाही. जी दोन अज्ञाते एकमेकांत अडकली होती, त्यांच्याऐवजी एकच अज्ञात राहिले, आणि त्याचाही फक्त वर्ग उरला, पहिल्या घाताचे पद गेले. पहिल्या घाताचे पद घालवणे हाच साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे, कारण ते पद नसले की वर्गमूळ काढण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

हीच गोष्ट डोळ्यांनी दिसावी म्हणून मुलीला कात्री आणि जुनी वही द्यावी. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण चौरसाची आकृती काढून समजावले होते. क्ष बाजूचा एक चौरस घ्यावा. १०क्ष म्हणजे १० रुंद आणि क्ष लांब अशी पट्टी. ती उभी चिरून ५ रुंदीच्या दोन पट्ट्या कराव्यात आणि चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना एकेक लावावी. आता जवळजवळ मोठा चौरस तयार होतो, फक्त एका कोपऱ्यात ५ गुणिले ५ची खाच राहते. ती २५ने भरली की मोठा चौरस ३९ + २५ = ६४चा होतो, त्याची बाजू ८, आणि त्यातून पट्टीची ५ रुंदी वजा केली की क्ष = ३. ‘निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवा’ ही जी ओळ मुले न समजता घोकतात, ती म्हणजे हा कोपरा भरणे. निम्मा का, तर पट्टी दोन बाजूंना वाटली म्हणून. वर्ग का, तर खाच चौरस आहे म्हणून. कागद एकदा हाताने कापला की ती ओळ मुले विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मात्र कागदाच्या चौरसाने एकच उत्तर मिळाले, ही त्याची मर्यादाही तिला सांगावी. (क्ष + ५)² = ६४ लिहिल्यावर क्ष + ५ ही संख्या ८ असू शकते तशी −८ही असू शकते, आणि तेव्हा क्ष = −१३ हे दुसरे मूळ, म्हणजे दुसरे उत्तर, मिळते. उणे लांबीची पट्टी कापता येत नसल्यामुळे जुन्या काळी हे मूळ नजरेआड राहिले.

अवयवांची रीत टाकून द्यावी असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्यात एक फार महत्त्वाची कल्पना आहे आणि तिथे शून्याचे खरे काम दिसते. दोन संख्यांचा गुणाकार ८ आहे एवढ्यावरून त्या संख्यांबद्दल काहीच निश्चित सांगता येत नाही. २ आणि ४, १ आणि ८, अर्धा आणि १६, काहीही असू शकते. गुणाकार शून्य असेल तर मात्र दोहोंपैकी एक तरी शून्य असलीच पाहिजे. समीकरणाची एक बाजू शून्य करायची ती एवढ्यासाठी. ज्यांना हे सांगितलेले नसते ती मुले (क्ष − ३)(क्ष − ५) = ८ पाहिले की क्ष − ३ = ८ लिहून मोकळी होतात. अशा उदाहरणात कंस सोडवून क्ष² − ८क्ष + ७ = ० करावे आणि १ व ७ ही मुळे काढावीत; किंवा ३ आणि ५ यांचा मध्य ४ आहे हे पाहून क्ष = ४ + द घ्यावे, म्हणजे द² − १ = ८ आणि द = ±३ हे तोंडी सुटते.

क्ष²चा सहगुणक १ नसेल तेव्हा मधले पद फोडण्याची एक युक्ती शिकवतात: पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार घ्या, त्याचे असे दोन अवयव शोधा की त्यांची बेरीज मधल्या सहगुणकाइतकी येईल. हा गुणाकार कशासाठी घ्यायचा, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. यासाठी भास्कराचार्यांच्या लीलावतीतील भुंग्यांचे उदाहरण घेऊ. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा; लीलावती आणि बीजगणित हे दोन्ही ज्याचे भाग मानले जातात तो सिद्धान्तशिरोमणी त्यांनी ११५०मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. उदाहरणाचा आशय असा की भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीच्या वेलीवर गेले, साऱ्या थव्याचे आठ नवमांशही गेले, आणि एक जोडी उरली. तर भुंगे किती? निम्म्याचे वर्गमूळ क्ष धरले तर थवा २क्ष² होतो, आणि मांडणी आवरल्यावर २क्ष² − ९क्ष − १८ = ० हे समीकरण उरते. आता दोन्ही बाजूंना २ने गुणावे: (२क्ष)² − ९(२क्ष) − ३६ = ०. २क्ष हीच नवी अज्ञात संख्या मानली तर वर्गाचा सहगुणक १ झाला आणि शेवटचे पद −३६ झाले. तो जो पहिल्या-शेवटच्याचा गुणाकार घ्यायचा असतो तो हा. बेरीज ९ आणि गुणाकार −३६ असणाऱ्या संख्या १२ आणि −३; म्हणून २क्ष = १२ किंवा −३, आणि क्ष = ६ किंवा −३/२. पहिल्या उत्तराने थवा ७२ भुंग्यांचा होतो: आधी ६ गेले, मग ६४, आणि २ शिल्लक. दुसऱ्याने साडेचार भुंगे होतात, आणि त्याबद्दल अधिक बोलण्याचे कारण नाही.

याच समीकरणावर श्रीधराचार्यांची रीत लावून पाहावी, कारण सूत्र तिच्यातून सरळ निघते. आपल्या भागात हिंदी माध्यमाची मुले वर्गसमीकरणाच्या सूत्राला सरळ श्रीधराचार्यांचे सूत्र म्हणतात आणि ते योग्यच आहे. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण ही रीत भास्कराचार्यांनी त्यांच्या नावाने उद्धृत केल्यामुळे टिकली. रीत अशी: क्ष²च्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणावे, मग मूळच्या मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवावा आणि वर्गमूळ घ्यावे. आपल्या समीकरणात चौपट म्हणजे ८. १६क्ष² − ७२क्ष = १४४; दोन्हीकडे ८१ मिळवले की डावी बाजू (४क्ष − ९)² आणि उजवी २२५. म्हणून ४क्ष − ९ = ±१५, आणि पुन्हा ६ व −३/२. शाळेतील पूर्ण वर्गाच्या रीतीत आधी २ने भागायला सांगतात, त्यामुळे ९/२, मग त्याचे निम्मे ९/४, मग ८१/१६ असे अपूर्णांक येतात आणि चुका तिथे होतात. वर्ग करण्यात सहसा होत नाहीत. श्रीधराचार्यांच्या रीतीत अपूर्णांक शेवटच्या ओळीपर्यंत फिरकत नाही. ही रीत परीक्षेतही पूर्णपणे ग्राह्य आहे, कारण तीही पूर्ण वर्ग करणेच आहे.

आता अंकांच्या जागी अक्षरे लिहावीत. अ × क्ष² + ब × क्ष + क = ० या समीकरणाला ४अने गुणून आणि ब² मिळवून (२अ × क्ष + ब)² = ब² − ४अक मिळते. इथून पुढे वर्गमूळ घेणे, ब पलीकडे नेणे आणि २अने भागणे एवढेच राहते, आणि सूत्र तयार होते. ही मांडणी तीन ओळींची आहे. मुलीने ती महिनाभर, रोज एकदा, न पाहता लिहावी. सूत्र वेगळे पाठ करावे लागणार नाही आणि परीक्षेच्या गडबडीत एखादे चिन्ह आठवेनासे झाले तर ती ते पुन्हा उभे करू शकेल. सूत्राचेही दोन तुकडे करून पाहावेत: −ब/२अ हा मध्य, आणि विवेचकाचे, म्हणजे ब² − ४अक या राशीचे, वर्गमूळ भागिले २अ हे त्या मध्यापासूनचे अंतर. बागेच्या उदाहरणातील २२८.५ आणि ४१.५ ते हेच.

विवेचकाबद्दल मुलांना तीन नियमांचा तक्ता पाठ करायला लावतात: धन असेल तर दोन भिन्न मुळे, शून्य असेल तर समान, ऋण असेल तर वास्तव मुळे नाहीत. तक्ता खरा आहे, पण त्यात जीव नाही. आपल्या गावच्या रूपसिंह स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरांनी नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील ते पहिले द्विशतक. त्या डावाचा नव्हे, पण त्या मैदानावर उंच टोलवलेल्या एखाद्या चेंडूचा विचार करू. बॅटवरून सुटताना तो जमिनीपासून १ मीटर उंच आहे, वर जाण्याचा वेग सेकंदाला २० मीटर आहे, हवेचा अडथळा सोडून दिला आहे आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरले आहे. मग ‘त’ सेकंदांनंतरची उंची १ + २०त − ५त² मीटर होते. चेंडू १६ मीटर उंचीवर कधी असेल? समीकरण त² − ४त + ३ = ०, मुळे १ आणि ३: एकदा चढताना, एकदा उतरताना. २१ मीटरवर कधी? त² − ४त + ४ = ०, मध्य २ आणि अंतर शून्य; म्हणजे चढण संपून उतरण सुरू होण्याचा तोच एक क्षण. २६ मीटरवर कधी? त² − ४त + ५ = ०, मध्य अजूनही २, पण अंतराचा वर्ग −१ येतो. चेंडू तिथवर पोहोचतच नाही, हे समीकरण आपल्याला आपल्या भाषेत सांगते आहे. तिन्ही वेळा मध्य २ हाच राहिला, ही गोष्ट मुलीच्या लक्षात आणून द्यावी; तिने या उंचीचा आलेख काढला तर जो अन्वस्त मिळेल, त्याचा शिरोबिंदू नेमका त = २वर असेल आणि डावी बाजू उजवीची आरशातली प्रतिमा असेल. विवेचक म्हणजे त्या अंतराचा वर्गच आहे, फक्त ४अ²ने गुणलेला. वर्ग ऋण निघाला तर तसे अंतर वास्तव संख्यांत नसते, यापेक्षा वेगळे काही तक्त्यात नाही. पुढे अकरावीत संमिश्र संख्या येतात तेव्हा तेही अंतर मोजता येऊ लागते, पण तो आजचा विषय नाही.

विवेचकाचा एक व्यावहारिक उपयोग मी नेहमी सांगतो, कारण त्यामुळे अवयवांची भीती बरीचशी जाते. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग असेल तरच मुळे परिमेय असतात, आणि तरच मधले पद पूर्णांकांत फोडता येते. म्हणून अवयव लवकर सुचले नाहीत तर बाजूला कच्च्या कामात विवेचक काढून पाहावा. बागेच्या समीकरणात तो ६८८९, म्हणजे ८३चा वर्ग. अवयव आहेत, शोध व्यर्थ जाणार नाही. क्ष² − ६क्ष + ४ = ० मध्ये तो २० येतो; तिथे पूर्णांकी अवयव सुचण्याची वाट पाहणेच चूक, मध्य ३ आणि अंतर √५ लिहून पुढे जावे.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, जो मला पहिल्यापेक्षा अधिक आवडला. ग्वाल्हेर ते दतिया हे अंतर ७२ किलोमीटर धरू. एका गाडीचा वेग दुसरीपेक्षा ताशी १२ किलोमीटर जास्त आहे आणि ती १८ मिनिटे आधी पोहोचते, तर संथ गाडीचा वेग काय? १८ मिनिटे म्हणजे ३/१० तास, म्हणून ७२/क्ष − ७२/(क्ष + १२) = ३/१०, आणि आवरल्यावर क्ष² + १२क्ष − २८८० = ०. मध्य −६, अंतराचा वर्ग ३६ + २८८० = २९१६, अंतर ५४; मुळे ४८ आणि −६०. मुले −६० वर काट मारून ‘वेग ऋण नसतो’ असे कंसात लिहितात आणि गुण मिळवतात. एकदा एका विद्यार्थ्याने फळ्याकडे बोट दाखवून विचारले, की ६० हा तर दुसऱ्या गाडीचा वेग आहे, मग तो इथे कसा आला? अख्ख्या वर्गात ते त्याला एकट्याला दिसले होते, आणि खरे सांगायचे तर तोवर मीही त्याकडे नीट पाहिले नव्हते.

ते असे होते. क्ष = −६० समीकरणात घालून पाहावे: क्ष + १२ होतो −४८, आणि ७२/(−६०) − ७२/(−४८) म्हणजे −१.२ + १.५, म्हणजे बरोबर ०.३. समीकरणाला वेग म्हणजे काय हे ठाऊक नाही. आपण त्याला एवढेच सांगितले की दोन संख्यांत १२चा फरक आहे आणि ७२ला त्यांनी भागल्यावर ०.३चा फरक पडतो. ४८ आणि ६० ही जोडी ते पाळते, आणि −६० व −४८ हीसुद्धा. समीकरण दोन्ही उत्तरे प्रामाणिकपणे देते, कारण दोन्ही खरी आहेत; वेग धन असावा ही अट आपल्या मनात होती, समीकरणात ती लिहिलेलीच नव्हती. जलद गाडीचा वेग क्ष मानला असता तर मुळे ६० आणि −४८ आली असती. तेव्हा मुलीने दुसरे मूळ खोडण्यापूर्वी ते मूळ समीकरणात एकदा तपासून पाहावे आणि मगच ‘उदाहरणातील अटीत बसत नाही’ असे लिहावे. ‘ऋण असल्यामुळे चूक’ असे लिहू नये, कारण ते चूक नाही.

भास्कराचार्यांनी हा भेद फार स्वच्छ केला आहे. त्यांच्या बीजगणितात माकडांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि १२ माकडे टेकडीवर आहेत; उत्तरे ४८ आणि १६, आणि दोन्ही त्यांनी स्वीकारली, कारण ३६ + १२ = ४८ आणि ४ + १२ = १६ ही दोन्ही चित्रे शक्य आहेत. दुसऱ्यात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून त्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक माकड दिसते आहे. उत्तरे ५० आणि ५. इथे दोन्ही उत्तरे धन आहेत, तरी ५ त्यांनी नाकारले, कारण पाचाच्या पंचमांशातून ३ वजा केले तर −२ माकडे राहतात आणि लोकांना अशा राशीची प्रचीती नसते. म्हणजे धन उत्तर ठेवा, ऋण खोडा, हा नियम त्यांच्याही मते पुरेसा नव्हता. उत्तर शब्दांत परत नेऊन पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

याच्या उलट, मुले कधी कधी जे मूळ ठेवायला हवे ते न कळत गमावतात. क्ष² = ७क्ष दिसले की दोन्ही बाजूंना क्षने भागून क्ष = ७ लिहिले जाते आणि क्ष = ० हे मूळ गहाळ होते, कारण क्ष शून्य असू शकतो तोवर त्याने भागण्याचा आपल्याला अधिकार नाही. क्ष² = ४९वरून फक्त ७ लिहिणे हा याच घरातला दुसरा दोष. सूत्र वापरताना मुख्यतः दोन ठिकाणी घात होतो: ब स्वतःच ऋण असताना −ब धन होतो हे विसरले जाते, आणि २अची भागाकाराची रेघ केवळ वर्गमुळाखाली ओढली जाते, −बच्या खाली ती पोहोचतच नाही. रेघ लांब ओढण्याची सवय लावावी. ऐकायला किरकोळ वाटते, पण या एका आखूड रेघेने गेलेले गुण मी पुष्कळ पाहिले आहेत.

राहिला परीक्षेचा प्रश्न. प्रश्नपत्रिकेत ‘पूर्ण वर्ग करून सोडवा’ किंवा ‘अवयव पाडून सोडवा’ असे स्पष्ट लिहिले असेल तर तीच रीत वापरावी लागते, म्हणून केवळ सूत्रावर विसंबून राहता येणार नाही; हे ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे अगदी रोकडे उत्तर. रीत सांगितलेली नसेल तर आधी अर्धा मिनिट अवयव सुचतात का ते पाहावे, न सुचल्यास विवेचक काढावा आणि सूत्राकडे वळावे. काढलेला विवेचक सूत्रात वापरताच येतो, त्यामुळे ते काम फुकट जात नाही. उत्तर आल्यावर पडताळा म्हणून मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ येतो का ते पाहावे. भुंग्यांच्या समीकरणात ६ आणि −३/२ यांची बेरीज ९/२ व गुणाकार −९ येतो, आणि २, −९, −१८ या सहगुणकांशी तो जुळतो. या पडताळ्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही आणि चिन्हाची चूक त्यात हमखास सापडते.